चवदार तळे ते बाणकोटची खाडी : पाणी पाहायचे की पाण्यावरचा हक्क पाहायचा?

कोकण पर्यटनाच्या जाहिराती आजकाल सगळीकडे दिसतात. हरिहरेश्वरचा किनारा, वेळासची कासवे, सावित्रीतल्या मगरी, पोलादपूरच्या घाटातले पावसाळी धबधबे. या यादीत महाडचे चवदार तळेही असते. एक थांबा, दहा मिनिटे, दोन फोटो, आणि गाडी पुढे रायगडाकडे.

मित्रांनो, आमचा आक्षेप लोक फिरायला जातात याला नाही. जरूर जावे. आमचा आक्षेप आहे तो पाण्याकडे नुसते दृश्य म्हणून पाहण्याच्या सवयीला. आणि ही सवय फक्त पुण्या-मुंबईच्या पर्यटकांनाच आहे असे नाही. आपणही 20 मार्चला आणि 25 डिसेंबरला महाडला जातो, तळ्याच्या पायऱ्या उतरतो, क्रांतिस्तंभाला अभिवादन करतो आणि रात्रीच्या गाडीने परततो. शेजारून वाहणाऱ्या सावित्रीकडे आपल्यातले किती जण बघतात?

इतिहास थोडक्यात आठवू. 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेली वा चालवलेली पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात असा तो ठराव. 1924 साली महाड नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले, प्रत्यक्षात बंद. म्हणून 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांना ओंजळ भरावी लागली. त्यानंतर परिषदेच्या लोकांना मारहाण झाली आणि तळ्यात 108 घागरी पंचगव्य ओतून त्याचे ‘शुद्धीकरण’ झाले. गुराढोरांनी पाणी प्यायले तर तळे बाटत नव्हते, माणसाने प्यायले की बाटत होते! पुढे नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. तळे खाजगी आहे असा दावा कोर्टात गेला आणि दहा वर्षे चालला. 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला, की अस्पृश्यांना वगळण्याची अनादी काळापासूनची रूढी वादींना सिद्ध करता आलेली नाही.

या लढ्याचा सागराशी आणि खाडीशी थेट संबंध आहे, हे आपण विसरतो. डिसेंबर 1927 च्या परिषदेला बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने निघाले, सावित्रीच्या खाडीतून दासगाव बंदरात उतरले आणि तिथून चालत महाडला आले. म्हणजे मनुस्मृतीच्या दहनाकडे जाणारी वाट याच खाडीतून आली. आज खाडीची सहल घडवणाऱ्या कुठल्या नकाशावर दासगावची ही ओळख ठळकपणे लिहिलेली असते?

महाडजवळच्या गंधारपाले लेण्यांचेही तसेच. महामार्गावरून जाताना डोंगरात कोरलेली ही बौद्ध लेणी दिसतात. तिथे विहारांबरोबर पाण्याची टाकी कोरलेली आहेत. शिलालेखांत अशा टाक्याला ‘पोढी’ म्हणत आणि पोढी खोदवून देणे हे मोठे दान मानले जाई. विचार करा. एकाच परिसरात दोन संस्कृती शेजारी शेजारी उभ्या आहेत. एक, भिक्खूसाठी आणि वाटसरूसाठी खडक फोडून पाणी ठेवणारी. दुसरी, भरलेल्या तळ्यावर पहारा बसवणारी. पाणी तेच, सह्याद्री तोच, पाऊसही तोच. फरक होता तो विचारांचा.

आता आजचे बोलू. महाड-पोलादपूर पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. तरीही एप्रिल-मे आला की डोंगरातल्या वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. जुलै 2021 मध्ये याच पाण्याने महाड शहर बुडवले. तळिये गावावर दरड कोसळली, पोलादपूर तालुक्यातल्या वाड्यांवरही दरडी आल्या आणि माणसे गाडली गेली. सावित्रीच्या काठी औद्योगिक वसाहत आहे, रासायनिक कारखाने आहेत. खाडीतले मासे कमी झाले, पाण्याला वास येतो, ही मच्छीमारांची तक्रार आजची नाही. भोई, कोळी, कातकरी यांचे पोट या नदीवर आहे. नदी बिघडली की पर्यटक दुसऱ्या किनाऱ्यावर जातो. कातकऱ्याने कुठे जायचे?

कायदा काय म्हणतो? 2017 च्या पाणथळ नियमांमधून नदीचे पात्र वगळले आहे. भातशेती वगळली आहे. पिण्यासाठी, सिंचनासाठी बांधलेले तलावही वगळले आहेत. म्हणजे ज्या पाण्यावर गावातला गरीब माणूस जगतो, तेच पाणी ‘पाणथळ’ या व्याख्येच्या बाहेर. खाडीला किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागू होतात, पण रेती उपसणाऱ्याला ते किती आडवे येतात हे खाडीकाठच्या लोकांना विचारा.

आपले काही कार्यकर्ते म्हणतील, ‘पर्यावरण हा पोट भरलेल्यांचा छंद आहे. इथे अत्याचाराच्या केसेस पडून आहेत, शिष्यवृत्ती रखडली आहे, आणि तुम्ही कासवे आणि बगळे काय सांगता?’ हा राग आम्हाला समजतो. पर्यावरणाच्या बऱ्याचशा चळवळीने जातीचा प्रश्न कधी विचारलाच नाही. जंगल वाचवताना आदिवासी हटवला, नदी पवित्र म्हणून तिची आरती केली आणि तिच्या काठचा माणूस मात्र अपवित्रच ठेवला. पण त्यांनी जात गाळली म्हणून आपण पाणी गाळायचे का? आपल्या चळवळीचा पहिला मोठा सामुदायिक लढा पाण्यासाठी झाला. पाणी हा विषय आपण दुसऱ्या कुणाच्या हाती देणे म्हणजे महाड दुसऱ्याच्या हाती देणे.

संविधानाचे कलम 15(2) पुन्हा वाचा. विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक वावराच्या जागा, यांच्या वापरात जातीवरून कुणालाही अडवता येणार नाही, असे ते सांगते. चवदार तळ्याचा लढा त्या कलमात उतरला आहे. तेव्हा समुद्रकिनारी मोकळेपणाने बसणे, तळ्याकाठी पक्षी पाहणे, खाडीत होडीने फिरणे ही आपल्यासाठी चैन नाही. तो मिळवलेला हक्क आहे आणि वापरला नाही तर हक्क गंजतो. आपल्या मुलांना निसर्ग दाखवा. पण दाखवताना प्रश्नही शिकवा. या गावात पाहुणे कुणाच्या घरी उतरतात? पर्यटनाचा पैसा कुठल्या आळीपर्यंत पोहोचतो आणि कुठे थांबतो? बौद्धवाडीचा नळ गावाच्या नळाबरोबर सुटतो का?

20 मार्च 2027 ला महाडच्या सत्याग्रहाला शंभर वर्षे पूर्ण होतात. शताब्दीला रोषणाई होईल, मंडप पडतील, नेते येतील, पुतळ्याला हार पडतील. आमचे म्हणणे एवढेच, की शताब्दीचा हिशेब पाण्यात मांडा.

एक. चवदार तळ्याच्या पाण्याची नियमित तपासणी व्हावी आणि तिचा अहवाल पायऱ्यांजवळ मराठीत लावावा. ज्या पाण्यासाठी लोकांनी डोकी फोडून घेतली, ते पाणी आज पिण्यालायक आहे की नाही हे प्रत्येक येणाऱ्याला कळले पाहिजे.

दोन. सावित्रीत सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्याची माहिती मच्छीमारांना आणि काठच्या ग्रामपंचायतींना वेळच्या वेळी मिळावी.

तीन. महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या प्रत्येक बौद्धवाडीचा आणि कातकरीवाडीचा पाणीहिशेब ग्रामसभेत वाचला जावा. नळ किती, विहीर कुणाच्या जागेत, टँकर कधीपासून.

चार. गंधारपाले, चवदार तळे, दासगाव बंदर, खाडीपलीकडे मंडणगड तालुक्यात बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे, आणि शेवटी बाणकोटला सावित्रीचे मुख. हा मार्ग समतेच्या वाटेने पाहण्याजोगा आहे. तो सरकारी फलकाची वाट पाहत बसू नये. तो आपल्या पोरांनी आखावा, आणि वाट दाखवण्याचा रोजगार इथल्याच वस्त्यांमधल्या मुलामुलींना मिळावा.

यातली तिसरी मागणी तर कुणाच्या परवानगीची नाही. वही घ्या, वाड्या वाटून घ्या आणि येत्या ग्रामसभेला हजर राहा. 1924 चा ठराव तीन वर्षे कागदावर पडून होता, कारण त्याची अंमलबजावणी करायला पाण्यात कुणी उतरले नव्हते. आजच्या योजनाही तशाच कागदावर आहेत. उतरायचे आपल्यालाच आहे.

जय भीम!