जे आधी घडेल ते

जुन्या गाडीच्या जाहिरातीत ‘फक्त १८,००० किलोमीटर’ असं वाचलं की मराठी मध्यमवर्गीय माणसाला भरून येतं. न वापरलेल्या वस्तूबद्दल आपल्याला मुळातच आदर. सोनेरी काठाच्या कपबश्या शोकेसमध्ये, लग्नात आलेला डिनर सेट खोक्यात, फ्रीजच्या हँडलला अजून दुकानातलं प्लॅस्टिक. हे सगळं जिथे शाबूत, ते घर वळणाचं! त्यातून गाडी ‘एकाच मालकाची, डॉक्टरांची’ असली तर विचारूच नका. डॉक्टर जणू रोज सकाळी तिची नाडी बघत होते.

माझ्या पुतण्याने अशीच गाडी घेतली. सॅन स्टॉर्म. गोव्यात बनायची ही गाडी. दोन माणसांची, उघड्या टपाची, अंग फायबरचं आणि इंजिन फ्रान्सच्या रेनोचं. लाल रंग. वीसेक वर्षांत मोजून अठरा हजार किलोमीटर चाललेली. नवी गाडी (म्हणजे जुनीच, पण आपल्याला नवी) आधी गावच्या देवाला दाखवायची, म्हणून तो ती घेऊन कापड्याला आला. हार घातला, नारळ फोडला, चार चाकांखाली चार लिंबं ठेवून गाडी पुढे घेतली. त्या लिंबांचा रस सोडला तर गाडीला लागलेला एकही रस त्या दिवशी ताजा नव्हता.

“तेलं बदललीस का?” मी विचारलं.

“काका, गाडी चाललीच नाही तर तेल खराब कशाला होईल?”

माझं भांडण आहे ते या वाक्याशी. पुतण्याशी नाही, तो बिचारा सगळं जग जे बोलतं तेच बोलला. गाडीच्या पुस्तिकेत छापलेलं असतं : इतके किलोमीटर किंवा इतके महिने, जे आधी घडेल ते. आपण वाचतो, जे नंतर घडेल ते! महिने ही गोष्ट आपल्याला मान्यच नाही. काटा फिरला तरच वय वाढतं, असं मानणारा माणूस स्वतः मात्र खुर्चीत बसल्या बसल्या टकला होत असतो.

या गैरसमजातला सगळ्यात घातकी शब्द म्हणजे ‘ब्रेक ऑइल’. कोणी हे बारसं केलं देव जाणे. ते ऑइल नाहीच! तेल पाण्याशी फटकून राहतं. हा पदार्थ पाणी पितो. हवेतली ओल रबरी नळ्यांतून, डबीच्या झाकणातून ओढून घेतो. आणि आमच्याकडे ओलीला काय तोटा? पोलादपूर तालुक्यात वर्षाला तीनेक हजार मिलिमीटर पाऊस पडतो. कापड्यात आषाढात कपडे वाळत नाहीत, मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, पापड भाजले तर ताटात येईपर्यंत मऊ. मुंबईची हवाही काही कोरडी नव्हे. त्या हवेत ते ब्रेक ऑइल डॉक्टरांच्या गॅरेजात वर्षानुवर्षं निवांत पीत बसलं होतं.

नव्या ‘डॉट ४’ जातीच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू निदान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शिरलं की हाच आकडा १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. चहा करायचा असता तर हरकत नव्हती. पण आंबेनळी घाट उतरायचा आहे! महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास उंचीवर, आणि आमचं पोलादपूर त्या मानाने जवळजवळ समुद्राच्या पातळीला. मधली सगळी उंची चाळीसेक किलोमीटरच्या वळणांत उतरायची. गाडीचं वजन वरून खाली येताना जी शक्ती सुटते ती इंजिनाने अडवली नाही तर ब्रेकमध्ये उष्णता होऊन बसते. एस्टीचा ड्रायव्हर ज्या गिअरवर घाट चढतो त्याच गिअरवर उतरतो. स्पोर्ट्स कारवाला उतरतो ब्रेकवर, कारण मागे व्हिडिओ काढणारे मित्र असतात. मग ते ऑइल उकळतं, नळीत वाफेचे बुडबुडे होतात. पातळ पदार्थ दाबला तर जोर पुढे पोचतो; वाफ दाबली तर नुसती दबते. पेडल जमिनीला टेकतं आणि गाडी चाललेली असते! गंमत म्हणजे (ज्याला जिवंत राहून गंमत करता येईल त्याच्यासाठी) तासाभराने सगळं थंड झालं की पेडल पुन्हा छान कडक. मेकॅनिक म्हणतो, “साहेब, काही प्रॉब्लेम नाही.”

म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलायचं. गाडी चालो वा न चालो.

दुसरा वर्ग रविवारवाल्यांचा. “मी दर रविवारी पाच मिनिटं इंजिन चालू करून ठेवायचो हो!” हे विकणारे गृहस्थ अभिमानाने सांगत होते. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ होतेच. थंड इंजिनात ती इंजिन ऑइलमध्ये उतरते, सोबत न जळलेलं थोडं पेट्रोल. वीसएक मिनिटं गाडी रस्त्यावर पळाली तर तेल नीट तापून हे उडून जातं. पाच मिनिटांत काहीच उडत नाही. दर रविवारी नवी भर! ही देखभाल नव्हे, हा साप्ताहिक छळ आहे. कूलंटचंही तेच : रंग हिरवागार दिसतो, पण गंज रोखणारी रसायनं संपलेली असतात. गिअर ऑइलची तर कोणाला आठवणच नसते. आणि टाकीतलं पेट्रोल शिळं होतं हे सांगितलं की लोक हसतात. २०२५ पासून पंपावर सर्रास वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलही ओल धरतं, आणि या वयाच्या गाडीच्या रबरी नळ्या त्याच्यासाठी बनलेल्याच नाहीत.

पुतण्याने गाडी घेतल्याबरोबर काय केलं? म्युझिक सिस्टिम बसवली. तिच्या निम्म्या पैशांत सगळी तेलं, कूलंट आणि मजुरी भागली असती. मी देवळातून उठून सरळ पोलादपूरच्या मेकॅनिकला घरी बोलावून घेतलं. अंगणातच सगळं उपसलं. ब्रेक ऑइल निघालं कोऱ्या चहाच्या रंगाचं.

काळं इंजिन ऑइल न्यायला आळीतून चारजण डबे घेऊन आले. गोठ्याच्या खांबांना फासलं की वाळवी लागत नाही म्हणतात. शेजारच्या अण्णांना उशीर झाला. त्यांनी ब्रेक ऑइलची बाटली उचलली. मी ओरडलो, “अण्णा, ते नको, त्याने रंग जातो!”

“तेलच ना ते?” म्हणाले, आणि नव्याने रंगवलेल्या फाटकाच्या बिजागऱ्यांना सढळ हाताने लावून आले. फाटक कुरकुरायचं थांबलं नाही. हिरवा रंग मात्र बिजागरीपासून खालपर्यंत सालीसारखा सुटला.