दोष एकट्या उन्हाचा नाही

पोंभुर्णा तालुक्यात धानाच्या बांध्यांत राबणाऱ्या माणसाचा चेहरा, मान, हाताची पाठ काळवंडून खाजू लागली, की निदान घरीच होते: ऊन बाधले. चंद्रपूरच्या उन्हाची ख्यातीच अशी, की त्यावर कोणी शंका घेत नाही. ती घ्यायला हवी. धुऱ्यावर आणि रस्त्याकडेला माजणाऱ्या गाजरगवताच्या अॅलर्जीतून होणारा इसबही नेमका याच उघड्या जागी उठतो.

महाराष्ट्राला हे नवे नाही. या गवताचा उपद्रव १९५५च्या सुमारास पुण्यात ध्यानात आला आणि सत्तरच्या दशकात पुण्यातल्याच रुग्णांवरून त्याचा त्वचादाह वैद्यकीय नियतकालिकांत नोंदला गेला. त्याच्या अंगावरच्या बारीक लवेत पार्थेनिन हे द्रव्य असते. वाळलेल्या गवताची धूळ वाऱ्याने अंगावर बसते, त्यामुळे हात न लावताही बाधा होते. पापण्यांच्या घडीत, कानामागे, हनुवटीखाली ऊन फारसे पोचत नाही, धूळ मात्र पोचते. तिथेही चट्टे असतील तर आधी संशय गवताचा. मग उन्हात गेल्यावरच आग का होते? कारण हा इसब वर्षानुवर्षे चिघळला की काहींच्या त्वचेला ऊनच सोसेनासे होते, आणि मग ती खूणही पुसट होते. अशा वेळी त्वचारोगतज्ज्ञाकडची पॅच टेस्टच उलगडा करते. सगळेच त्या गवतात वावरतात, तरी एकालाच का, हा आक्षेपही टिकत नाही. अॅलर्जी ज्याच्या शरीराने धरली त्यालाच होते, तीही बरीच वर्षे काही न होता अचानक.

खरा घात होतो तो औषध दुकानातून परस्पर आणलेल्या स्टेरॉइड मलमाने. चार दिवस आराम पडतो, म्हणून ते महिनोन्‌महिने चोळले जाते. चेहऱ्याची त्वचा पातळ होते, मलम थांबवताच चट्टे उसळतात, आणि कारण धुऱ्यावर तसेच उभे राहते.

म्हणून गवत फुलण्याआधी उपटणे हाच मूळ उपाय. देशभरचा गाजरगवत जागृती सप्ताह १६ ते २२ ऑगस्टला असतो. तोवर पहिल्या पावसाची रोपे फुलून गेलेली असतात. ग्रामपंचायतींनी हे काम जुलैच्या पहिल्या पंधरवड्यातच उरकावे, मजुरांना हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे सदरे द्यावेत, आणि ज्याच्या अंगावर आधीच चट्टे आहेत त्याला या कामावर मुळीच पाठवू नये.