तीस पदार्थांचा बोर्ड नको, एका पदार्थाची रांग हवी!



या आठवड्याचा व्हिडिओ तैवानच्या रात्रबाजारावर केला आणि लगेच प्रश्न आला, "सर, आपल्याकडे कॅनॉटला किंवा निराला बाजारला बबल टी टाकला तर चालेल का?"

चालेलही. त्या चहातले काळे मणी टॅपिओकाच्या स्टार्चचे असतात. आपला साबुदाणाही त्याच कंदापासून होतो, त्यामुळे चव काही परकी नाही. पण माझं स्पष्ट मत आहे की तैवानकडून पदार्थ उचलू नका, धंद्याची पद्धत उचला.

तिकडे या खाण्याला जो शब्द आहे, त्याचा सरळ अर्थ 'छोटं खाणं' असा होतो. एका गाळ्यावर साधारण एकच पदार्थ मिळतो. कुणी फक्त कालवांचं ऑम्लेट करतो, तर कुणी आंबवलेला, उग्र वासाचा टोफू तळतो. प्लेट लहान असते आणि किंमतही बेताची. एका ठिकाणी पोट भरत नाही, म्हणून गिऱ्हाईक चार-पाच गाळे फिरतं. त्यामुळे शेजारच्याची गर्दी ही तुमचीच गर्दी होते.

तैपेई शहरात राओहे नावाचा रात्रबाजार आहे. तिथे मिरी घातलेलं मांस आणि कांद्याची पात भरलेला एक बन मिळतो. तो मातीच्या गोल भट्टीत, आतल्या भिंतीला चिकटवून भाजतात. मिशेलिन या जगप्रसिद्ध खाद्य-मार्गदर्शिकेने २०१८ मध्ये तैपेईची पहिली यादी काढली. त्यात स्वस्त आणि उत्तम खाण्याच्या विभागात या बाजारातला मिरी-बनचा गाळा होता. एक गाळा, एक भट्टी, एक पदार्थ!

भिंतीला चिकटवून भाजतात म्हटल्यावर काही आठवलं का? आपल्या छत्रपती संभाजीनगरचा नान! १३२७ च्या सुमारास मुहम्मद बिन तुघलकाने राजधानी दौलताबादला आणली, तेव्हा त्याच्या लष्करासोबत नान खलिया इकडे आला, असं सांगतात. ऐकीव गोष्ट आहे, पण शहराने ती जपली आहे. खलिया घरी किंवा लग्नाच्या मांडवात शिजतो आणि नान भट्टीवरून येतात. भट्टीवाला नूडल्स ठेवत नाही, मंचुरियन ठेवत नाही. त्याचा हात एकाच कामावर बसलेला असतो. रमजानमध्ये बुढ्ढीलेनला रात्री चक्कर मारा. तिथेही लोक एका गाड्यावर एक खातात आणि दुसऱ्यासाठी पुढे सरकतात. म्हणजे तैवानची पद्धत शिकायला विमानाचं तिकीट लागत नाही.

आता आपली नवी गाडी बघा. बोर्डवर वडापाव, मोमो, फ्रँकी, पिझ्झा, चायनीज, शेक... मोजून तीस नावं! का? तर "गिऱ्हाईक परत जायला नको."

हिशेब करू. समजा, दिवसाला १०० प्लेट विकल्या आणि पदार्थ ३०. म्हणजे एका पदार्थाच्या सरासरी तीनच प्लेट झाल्या. त्या तिघांसाठी वेगळा सॉस, वेगळी भाजी, वेगळं पीठ. त्यातला रोज फक्त ४०० रुपयांचा माल फेकावा लागला, तर महिन्याला १२,००० रुपये कचऱ्यात! अनेकांच्या बाबतीत हा पैसा म्हणजे बायकोचे दागिने मोडून नाहीतर बचत गटातून उचलून आणलेला असतो. गाडी बंद पडते, हप्ता मात्र चालू राहतो.

उलट एकच पदार्थ रोज १०० वेळा केला, तर महिन्यात ३,००० वेळा हातून जातो. हात बसतो, चव पक्की होते, प्लेट लवकर निघते. माल ठोक भावात मिळतो. आणि लोकांच्या तोंडी नाव बसतं, "त्या धपाट्यावाल्याकडे जाऊ!" तीस पदार्थवाल्याला लोक कशावरून ओळखणार?

तुम्ही म्हणाल, "एकच पदार्थ नाही चालला तर?" शंका बरोबर आहे. म्हणूनच सुरुवात लहान ठेवा. आधी घरून, ओळखीच्यांना विकून बघा. मग एका पदार्थाचे दोन प्रकार करा, तिखट आणि साधा. महिनाभर रोज किती विकलं, किती उरलं ते वहीत लिहा. नाही जमलं तर पदार्थ बदला, पण त्यात दुसरे दहा मिसळू नका. आणि जागा अशी शोधा, जिथे आधीच चार गाड्या आहेत. पोराला नूडल्स हवे असतील तर शेजारी मिळू देत, आई-वडील तुमच्याकडे खातील.

कागदपत्रं टाळू नका. एफएसएसएआयची नोंदणी करा. पथविक्रेता म्हणून महापालिकेत नाव लावा. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने तुम्हाला काही हक्क दिले आहेत. पीएम स्वनिधी योजनेत २०२५ च्या बदलानंतर पहिलं कर्ज १५,००० रुपयांपर्यंत मिळतं. तीस पदार्थांच्या गाडीला ते पुरणार नाही. एका पदार्थाला मात्र तवा, शेगडी आणि पहिल्या आठवड्याचा माल एवढं त्यात बसवता येतं.

आता गृहपाठ. येत्या रविवारी संध्याकाळी गुलमंडीला किंवा टीव्ही सेंटरला जा. सगळ्यात जास्त गर्दीच्या गाडीपाशी एक तास थांबा. किती प्लेट गेल्या आणि त्यातल्या किती एकाच पदार्थाच्या होत्या, ते मोजा. आकडा कमेंटमध्ये लिहा. आणि तुमच्या बोर्डवर एकच नाव राहणार असेल तर ते कोणतं, तेही लिहा. पुढच्या व्हिडिओत त्यावरच बोलू!