गोळी खोचणार कोण?
इंद्रायणी भाताचं वाण १९८७ साली आलं ते वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून. पण वाण केंद्र देतं, लावणी शिकवतो शेजारी. भाताच्या चारसूत्री पद्धतीचंच घ्या: १५ आणि २५ सेंटिमीटर अंतर आलटून-पालटून, चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची जेमतेम २.७ ग्रॅमची गोळी, सात ते दहा सेंटिमीटर खोल. पत्रक वाचून हे कुणाच्या हातात बसणार? खुणांची दोरी धरून चिखलात उतरणारा गावचाच माणूस हवा. कृषी विस्ताराच्या ‘आत्मा’ योजनेने दोन गावांमागे एक ‘शेतकरी मित्र’ त्यासाठीच नेमला. १९८९ मध्ये इंडोनेशियात तुडतुड्यांपायी सुरू झालेल्या शेतीशाळांचाही भर शेतातच पाहून, करून शिकण्यावर. एवढं करूनही बांधावरचा पहिला प्रश्न ठरलेला: मजूर मिळेना, मग गोळ्या खोचायच्या कुणी?