वाळूवरचा रस्ता आणि त्याची किंमत

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड राज्याच्या किनाऱ्यालगत सुमारे १२० किलोमीटर लांबीचे एक बेट आहे. काही मोजके खडक सोडले तर ते सर्वस्वी वाळूचे आहे, आणि वाळूचे एवढे मोठे बेट जगात दुसरे नाही. १८३६ मध्ये 'स्टर्लिंग कॅसल' नावाचे जहाज फुटले, त्याचा कप्तान फ्रेझर व त्याची पत्नी या किनाऱ्याला लागली, आणि पुढे बेटाला फ्रेझर हेच नाव चिकटले. बुचुल्ला हे तेथील मूळ रहिवासी. त्यांनी ठेवलेले 'गरी' हे नाव २०२३ मध्ये सरकारने अधिकृतपणे परत स्वीकारले. वाळूत उभे राहिलेले घनदाट पर्जन्यवन, उंच टेकड्यांच्या कुशीत साचलेली स्वच्छ गोड्या पाण्याची तळी, रंगीत वाळूचे कडे, आणि या सर्वांतून जाणाऱ्या खडतर वाटा यांमुळे जागतिक वारशाच्या यादीत या बेटाचा समावेश १९९२ मध्येच झाला.

या वाटांवरून चारही चाकांना गती देणाऱ्या दणकट मोटारी हाकणे हा आज ऑस्ट्रेलियन मध्यमवर्गाचा एक मोठा छंद होऊन बसला आहे. मोटार तराफ्यावर चढवून बेटावर आणावयाची, टायरमधील हवा कमी करावयाची, ओहोटीची वेळ साधून किनाऱ्याच्या ओल्या घट्ट वाळूवरून सुसाट निघावयाचे, आणि नंतर जंगलातील एकेरी वाटांवर मऊ वाळूचे चढ इंजिनाच्या बळावर पार करावयाचे, असा हा कार्यक्रम असतो. पूर्वेकडचा किनारा, ज्याला तेथे 'पंचाहत्तर मैल' म्हणतात, हा कायद्याच्या दृष्टीने रस्ताच आहे. तेथे ताशी ८० किलोमीटरची वेगमर्यादा आहे, मद्यपी चालकांना पकडणारे पोलीस आहेत. लहान विमानेही याच वाळूवर उतरत आली आहेत. भाड्याच्या गाड्या उलटून तरुण प्रवासी दगावल्यामुळे, २००९ मधील अपघातांनंतर, गाडीत किती माणसे बसवावी व सामान कोठे ठेवावे याचेही नियम झाले. या छंदातील आनंद खोटा आहे असे मानण्याचे कारण नाही. वर्षभर कचेरीत खुर्चीला जखडलेल्या माणसाला असा एक आठवडा मिळाला तर त्याने तो का घेऊ नये, हा प्रश्न रास्तच आहे.

प्रश्न आहे तो किमतीचा. आणि तो समजून घेण्यासाठी या बेटाचा मागचा इतिहास पाहिला पाहिजे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून येथे लाकूडतोड चालू होती. येथील सॅटिने नावाच्या झाडाचे लाकूड खाऱ्या पाण्यात टिकते, म्हणून ते सुएझ कालव्याच्या कामापर्यंत पोहोचले. पुढे वाळूतील रुटाइल, झिर्कॉन यांसारख्या खनिजांवर खाणवाल्यांची दृष्टी गेली. मेरीबरो या जवळच्या गावात प्रौढशिक्षण खात्यात नोकरी करणारे जॉन सिंक्लेअर यांनी १९७१ मध्ये बेटाच्या रक्षणासाठी संस्था काढली आणि खाणींविरुद्ध लढा आरंभला. ज्या गावाचे पोट लाकडावर व खाणीच्या आशेवर अवलंबून, त्याच गावात राहून हा लढा देणे म्हणजे काय, याची कल्पना छोट्या गावात नोकरी केलेल्या शिक्षक-कारकुनांना सहज येईल. अखेर त्यांना ते गाव सोडावे लागले. परंतु मध्यवर्ती सरकारने चौकशी समिती नेमली. खनिजाच्या निर्यातीस परवानगी नाकारताना पर्यावरणाचा विचार करण्याचा सरकारला अधिकार आहे, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये दिला. त्या वर्षाच्या अखेरीस खाणकाम थांबले. १९९१ मध्ये लाकूडतोडही बंद झाली. १९९३ मध्ये सिंक्लेअर यांना गोल्डमन पारितोषिक मिळाले. ते २०१९ मध्ये निवर्तले.

खाण गेली, करवत गेली, आणि त्यांच्या जागी चाक आले. पर्यटन हा निरुपद्रवी धंदा, अशी त्या काळात सर्वांचीच समजूत होती. लाकडाचा व खाणीचा रोजगार बुडाला तरी पाहुण्यांवर गावे जगतील, असा हिशेब होता, आणि तो पैशापुरता खोटाही ठरला नाही. पण अर्थशास्त्राच्या दृष्टीने या दोन संकटांत एक मूलभूत फरक आहे. खाण ही एक कंपनी असते. तिला निर्यातीचा परवाना लागतो, आणि तो एका सहीने नाकारता येतो. वर्षाकाठी बेटावर येणाऱ्या काही लाख माणसांपैकी प्रत्येकाने केलेले नुकसान मात्र इतके अल्प असते, की ते नुकसान म्हणून दिसतच नाही. एका मोटारीने वाट किती खचणार? एका कुटुंबाने उघड्यावर टाकलेल्या अन्नाने रानकुत्र्याची सवय ती किती बिघडणार? ज्याला दोषी ठरवावे असा कोणीच सापडत नाही, आणि तरीही दोष साचत राहतो.

तो कसा साचतो ते पाहा. जंगलातील वाळूची वाट चाकांनी भुसभुशीत होते. पहिल्या मोठ्या पावसात सुटी वाळू उतारावरून वाहून जाते. वाट खाली खचते, दोन्ही बाजूंची झाडांची मुळे उघडी पडतात, आणि पुढच्या पावसाला आणखी खोल पन्हळ मिळते. डोंगरातली तळी तर विलक्षण नाजूक आहेत. पालापाचोळ्याने व वाळूने मिळून घट्ट झालेल्या एका थरावर त्यांचे पाणी तोलून राहिलेले असते. किनाऱ्याची गोष्ट निराळी. तेथे भरती रोज चाकोऱ्या पुसून टाकते, म्हणून काही बिघडलेच नाही असे वाटते. परंतु क्वीन्सलंडच्या किनाऱ्यांवर संशोधकांनी केलेल्या पाहणीत असे आढळले आहे, की दिवसा वाळूत खोल बिळात बसलेला खेकडा चाकाखालून बचावतो; रात्री तो भक्ष्य शोधण्यासाठी वर आला, की चिरडला जातो. म्हणजे पुसून जाते ती खूण. झालेली हानी तशीच राहते. २००१ मध्ये या बेटावर रानकुत्र्यांच्या हल्ल्यात नऊ वर्षांचा एक मुलगा मरण पावला आणि त्यानंतर तीसहून अधिक रानकुत्री मारण्यात आली. माणसाच्या हातून खाण्याची सवय त्यांना पाहुण्यांनीच लावली होती. २०२० मध्ये किनाऱ्यावर कोणी बेकायदा पेटवलेली शेकोटी नीट विझवली नाही, आणि जवळजवळ निम्मे बेट भाजून निघाले. एका शेकोटीची किंमत परवान्याच्या कोणत्या रकान्यात भरावयाची?

गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये सामाईक कुरणाची शोकांतिका मांडली, तेव्हापासून असा प्रश्न निघाला की 'मालकी नाही म्हणून नाश होतो' हे उत्तर तयार असते. येथे ते लागू पडत नाही. बेटाचा बहुतेक भाग राष्ट्रीय उद्यान आहे. २०१४ मध्ये बुचुल्ला लोकांचा मूळ हक्कही न्यायालयाने मान्य केला. कुरण बेवारस नाही, त्याला राखणदारही आहे. तंबू ठोकण्याच्या जागा मोजून दिल्या जातात. मोटारीचा परवाना मात्र पैसे भरणाऱ्या प्रत्येकाला मिळत गेला. त्यांच्या एकूण संख्येला वर्षानुवर्षे कमाल मर्यादा नव्हती. राखणदाराच्या हाती नाही म्हणण्याची सोयच ठेवली नाही, तर राखणदार असून नसून सारखाच.

यावर सर्वांत सोपा उपाय सुचविला जातो तो परवान्याचे शुल्क वाढविण्याचा, आणि माझे सहव्यवसायीच तो अधिक उत्साहाने सुचवितात. मला तो मान्य नाही. आल्फ्रेड मार्शल यांनी दाखवून दिलेला एक नियम आमच्या विद्यार्थ्यांना पाठ असतो: एकूण खर्चात ज्या घटकाचा वाटा अल्प, त्याची किंमत वाढली तरी मागणी फारशी घटत नाही. भारी किमतीची मोटार, तिचे इंधन, तराफ्याचे भाडे आणि आठवड्याची रजा एवढा खर्च करणारा माणूस परवाना दुप्पट झाला म्हणून घरी बसणार नाही. तिजोरी भरेल, वाट खचतच राहील. आणि संख्या खरोखर घटावी इतके शुल्क जबर केले, तर घटणार कोण? जुनी गाडी घेऊन मुलाबाळांसह येणारा शाळामास्तर. उद्योगपती येतच राहील, आणि त्याच्या चाकाखालची वाळू काही अधिक सौजन्याने वागणार नाही.

मार्टिन वाइट्झमन यांनी १९७४ मध्ये किंमत की संख्या हा प्रश्न शास्त्रीय रीतीने तपासला. हानी एका मर्यादेपलीकडे झपाट्याने वाढत असेल, तर किंमत ठरवून संख्या दैवावर सोडण्यापेक्षा संख्याच ठरविणे सुरक्षित, असा त्यांच्या विवेचनाचा इत्यर्थ आहे. खचत्या वाटा आणि तोलून राहिलेली तळी ही नेमकी अशीच प्रकरणे आहेत. तेव्हा दिवसाला अमुक इतक्याच मोटारी, त्यापुढे एकही नाही, असे ठरवावे. आणि ती संख्या पैशाने न वाटता सोडतीने किंवा आगाऊ नोंदणीच्या क्रमाने वाटावी. ज्यांना स्वतः गाडी हाकावयाची नसून बेट पाहावयाचे आहे त्यांच्यासाठी दणकट बसगाड्या आजही धावतात. एका बसमध्ये जितकी माणसे मावतात, तितक्यांना कित्येक मोटारी लागतात. वृद्ध व अपंग प्रवाशांची सोयही त्यातूनच अधिक चांगली होईल. पायी जाणाऱ्यांसाठी सुमारे ९० किलोमीटरची वाट आहे. हर्वी बेच्या दुकानदारांचा धंदा काही आठवडे मंदावेल, हे खरे. परंतु गर्दी सुटीच्या चार दिवसांतून उरलेल्या महिन्यांत पसरली, तर वर्षाअखेरीस त्यांचा गल्ला फार हलका होईल असे वाटत नाही. मोटारवाल्यांची संघटित नाराजी हा भाग निराळा. ती कोणत्याही सरकारला मतपेटीच्या आठवणीने घाबरविते, आणि खरी अडचण बहुधा तीच आहे.

बुचुल्ला लोकांच्या परंपरेत तीन नियम सांगितले जातात. भूमीच्या हिताचे जे असेल ते प्रथम. जे आपले नाही त्याला हात लावावयाचा नाही. आणि आपल्यापाशी मुबलक असेल तर ते वाटून घ्यावयाचे. यांतील तिसरा नियम पर्यटन खात्याला मनापासून आवडण्यासारखा आहे. पण तो तिसरा आहे, आणि त्यात 'मुबलक असेल तर' ही अट आहे, हे विसरता कामा नये. मुबलक किती याचे मोजमाप न करता वाटप सुरू झाले, हीच गेल्या तीन दशकांची कहाणी आहे.

हे मोजमाप त्या बेटावर अशक्य नाही. चहूबाजूंनी समुद्र असल्याने मोटारीला तेथे जाण्यास तराफ्याखेरीज मार्ग नाही, आणि तराफे ठराविक धक्क्यांवरूनच सुटतात. दारावर मोजणी करता येते.

आपल्या कोकणकिनाऱ्याला असे दार नाही, म्हणून आपला प्रश्न अधिक अवघड आहे. लांबच्या सुटीत पुण्या-मुंबईच्या गाड्या गल्लीबोळांतून थेट पुळणीवर उतरतात. एखादी भरतीच्या पाण्यात रुतते, मग गावातल्या पोरांनी ती दोर लावून ओढावयाची, आणि त्याचे चित्रण रात्रीपर्यंत सर्वांच्या मोबाइलवर फिरते. वेळाससारख्या गावांत ग्रामस्थांनी व निसर्गप्रेमींनी समुद्री कासवांची अंडी जपण्याचे काम चालविले आहे. वाळूत उमटलेल्या चाकोरीत अडकलेले कासवाचे पिल्लू समुद्रापर्यंत पोहोचू शकत नाही, हे तेथील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. गोव्यात किनाऱ्यावर वाहन चालविणे हा गुन्हा आहे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी एक गंजका फलक असतो. कायद्याची वाट न पाहता ग्रामपंचायतींना एवढे करता येईल: सुरूच्या बनाच्या अलीकडे गाडीतळ करावा, त्याचे भाडे पंचायतीकडे जमा व्हावे, आणि पुळणीवर उतरणाऱ्या प्रत्येक बोळाच्या तोंडाशी जांभ्याचे दोन चिरे असे रोवावेत, की त्यांमधून माणूस, गुरे व होडी ओढणारे कोळी जातील, मोटार जाणार नाही.