जमिनीची खातेवही

खडकवासल्याच्या कालव्याने दौंड तालुक्यात ऊस फुलला. मात्र निचऱ्याविना पाणी साचले की जमीन क्षारपड होते. अशा वेळी केडगावच्या दुकानदाराला खताची आणखी एक गोणी विकणे सोपे, 'नको' म्हणणे कठीण. कृषी पदवीची चार वर्षे हे 'नको' अधिकाराने म्हणायला शिकवतात: 'व्ही' आकाराच्या खड्ड्यातून मातीचा नमुना घेणे, सामू व क्षारता तपासणे, निचऱ्याचे चर आखणे, पिकाचा जमाखर्च मांडणे. दापोलीच्या वनशास्त्र महाविद्यालयातील विद्यार्थी तर उभ्या झाडाचा घेर व उंची मोजून लाकडाचा अंदाज बांधतात. पदवी घेऊन परतलेल्या मुलाला, मुलीला केवळ गल्ल्यावर बसवू नये. गिऱ्हाइकाची जमीन टिकली, तरच उधारी वसूल होते आणि पेढीची पत राहते.