हेड पुन्हा उतरवण्याआधी

हेड बसवलं, नट आवळले, हँडल मारलं, तर फ्लायव्हील हलकंच गरगर फिरतंय, दाबच धरत नाही. विहिरीवर सिंगल सिलिंडरचं डिझेल इंजिन असलेल्यांना हे दुखणं ओळखीचं असेल. ‘वॉल बसत नाहीत’ असं निदान होतं आणि हेड लगेच पुन्हा उतरतं. नवं पॅकिंग, मजुरी आणि अर्धा दिवस गेला!

मंडळी, थोडं थांबा. दोष हेडात आहे की वॉल दाबणाऱ्या रॉकर-पुशरॉडमध्ये, हे आधी ठरवा. प्रोग्राममधली चूक शोधताना आम्ही अर्धा भाग बाजूला काढून बघतो, तसंच हे.

मादन हिप्परग्याला माझ्या मामांकडे यंदा हेच झालं. तूर फुलावर आलेली, पाऊस संपलेला, काळ्या रानाला भेगा पडायला लागलेल्या. एक पाणी चुकलं तर फुलं गळणार. हेड नुकतंच वॉल घासून आणून बसवलं होतं.

‘‘बघ की रे, तू इंजिनिअर ना?’’

‘‘मामा, मी कॉम्प्युटरचा.’’

‘‘मग काय झालं? इंजिनिअरमध्ये इंजिन आलंच की!’’

यावर काय बोलणार?

डिझेल बंद केलं. पहिल्यांदा डिकॉम्प्रेशनचा लिव्हर पाहिला. तो वर राहिला तर वॉल मुद्दाम उघडा धरला जातो, आणि माणसं उगाच हेडवर संशय घेतात. इथे तो ठीक होता. मग पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणला. फोर स्ट्रोकमध्ये पिस्टन दोन फेऱ्यांत दोनदा वर येतो. त्यातल्या एका वेळी दोन्ही वॉल किंचित उघडेच असतात, तिथे तपासलं तर चांगलं इंजिनही बिघडलेलं वाटतं. योग्य जागी दोन्ही पुशरॉड बोटांनी फिरायला हवेत. आमचा एक्झॉस्टचा रॉड घट्ट अडकलेला होता.

कारण साधं आहे. वॉल आणि सीट घासले की वॉल हेडात थोडा आत बसतो आणि त्याची दांडी तेवढीच वर येते. रॉकरखालचा गॅप त्यात संपतो. जुन्या मापावर राहिलेला स्क्रू मग वॉल दाबूनच ठेवतो. हेडचा तळ घासला किंवा पॅकिंग पातळ घातलं तरी हेच होतं. गॅप नसताना इंजिन कसंबसं चालू झालं, तर पुढे दांडी तापून आणखी लांबते. वॉल सीटला टेकला नाही की त्याची उष्णता निघून जात नाही, आणि तो जळतो. एक्झॉस्टचा आधी.

लॉकनट सैल करून स्क्रू मागे घेतला. रॉड फिरला, आणि हँडलला दाब आला. हेड निर्दोष! मग इंजिनाच्या पुस्तकातल्या मापाची फिलर गेजची पाती घालून गॅप ठेवला.

स्क्रू पूर्ण मागे घेऊनही दाब आला नसता, तर मात्र हेड उतरवणं भाग होतं. तेव्हा हेड उलटं न करता पोर्टमध्ये रॉकेल ओतावं आणि वॉलच्या कडेने पाझरतं का ते पाहावं. पाझरलं तर सीटवरची काजळी, वाकलेली दांडी किंवा नव्या गाईडमध्ये अडकणारा वॉल, यांपैकी काहीतरी असतं.

इंजिन तासभर चालवून पूर्ण गार झालं की हेडचे नट क्रमाने पुन्हा आवळावेत. पॅकिंग दबलेलं असतं, म्हणून गॅप त्यानंतर परत मोजायचा.